अंगावर काढलेला खोकला

मार्गशीर्ष लागला की डहाणूच्या किनाऱ्यावरील चिकूच्या वाड्यांत आणि तलासरीकडील पाड्यांवर पहाटेचा गारठा जाणवू लागतो. त्याच सुमारास दोन गोष्टींना एकदमच बहर येतो. एक सभासमारंभांना आणि दुसरी खोकल्याला. भाताची झोडणी आटोपलेली असते, पावसाची धास्ती नसते, मोकळी मैदाने कोरडी असतात. त्यामुळे शाळांची स्नेहसंमेलने, आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा, शिक्षकांची शिबिरे, पक्षांचे मेळावे, बोर्डीचा चिकू महोत्सव, पाड्यांवरील तारप्याच्या रात्री आणि अखेरीस २६ जानेवारीचे झेंडावंदन व त्यास जोडून येणारी ग्रामसभा हे सारे या दोन-अडीच महिन्यांत दाटीवाटीने उरकले जाते. सकाळी थंडी, दुपारी ऊन आणि दिवसभर धूळ अशा हवेत घसा धरणे, नाक वाहणे आणि खोकल्याची उबळ येणे हेही ओघानेच येते. वर्षातील सर्वाधिक माणसे ज्या काळात एकत्र बसतात, त्याच काळात सर्वाधिक माणसे खोकत असतात. हा योग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी विचार करण्याची गरज कोणास वाटत नाही.

आपण करतो ते एवढेच, की समारंभास निघण्यापूर्वी खोकल्याची काहीतरी समजूत घालतो. कोणी कोमट पाण्याच्या गुळण्या करतो, कोणी ज्येष्ठमधाची कांडी दाढेखाली धरतो, कोणी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीतील दोन चमचे घशाखाली ढकलतो आणि खिशात दोन गोळ्या ठेवून निघतो. सभा दोन तास चालावयाची असेल तर खोकला दोन तास गप्प बसला म्हणजे झाले! घरी परतल्यावर त्याने हवा तेवढा त्रास द्यावा, त्यास आपली हरकत नसते. या वागण्यास मराठीत एक समर्पक शब्दप्रयोग आहे, दुखणे अंगावर काढणे. गंमत अशी की हा शब्दप्रयोग आपण निंदेने क्वचितच वापरतो. अंगात ताप असताना परीक्षेचे पर्यवेक्षण पार पाडणारा शिक्षक, खोकत खोकत वर्षअखेरीचा हिशेब पुरा करणारा कारकून, घसा बसलेला असताना वक्तृत्व स्पर्धेत उभा राहणारा विद्यार्थी, हे सारे आपल्या कौतुकाचेच विषय असतात. या कौतुकाची तपासणी करण्याची वेळ आता आली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम घरगुती उपायांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. त्यांची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. खोकला हा स्वतः रोग नव्हे. श्वासमार्गात शिरलेली धूळ, साठलेला कफ किंवा सुजलेल्या अस्तरास होणारी टोचणी बाहेर टाकण्यासाठी शरीराने योजलेली ती एक क्रिया आहे. साध्या सर्दीत घशाचे अस्तर सुजते, कोरडे पडते आणि थोड्याशा कारणानेही उबळ येते. अशा वेळी गरम पाणी, गवती चहा आणि आले घातलेला कोरा चहा, मिठाच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, सुंठ आणि गूळ, चमचाभर मध यांनी घसा ओला राहतो आणि टोचणी कमी होते. मधामुळे मुलांचा रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, असे पद्धतशीर अभ्यासांतही दिसून आले आहे. मात्र एक वर्षाच्या आतील बालकास मध देता कामा नये, कारण त्यातील विशिष्ट जंतूंचे बीज त्या वयाच्या आतड्यात रुजून जीवघेणा विषार निर्माण करू शकते. ज्येष्ठमध गुणकारी आहे, परंतु रक्तदाब असणाऱ्याने ते दिवसेंदिवस चघळत राहणे बरे नव्हे. वाफारा घेताना उकळते पाणी अंगावर सांडून मुले भाजतात, हेही विसरू नये. एवढी पथ्ये सांभाळली तर आजीबाईच्या बटव्यातील हे उपाय स्वस्त आहेत, निरुपद्रवी आहेत आणि घशास आराम देणारे आहेत.

परंतु ते जे करतात ते एवढेच. ते घशास आराम देतात, रोग हटवीत नाहीत. आणि आपण ज्याच्या शेजारी जाऊन बसणार त्या माणसाचे रक्षण तर ते मुळीच करीत नाहीत. नेमका हाच भेद आपल्या ध्यानात येत नाही. खोकल्याचा आवाज थांबला म्हणजे संसर्ग थांबला, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः सर्दीचे आणि फ्लूचे विषाणू केवळ खोकल्यानेच पसरतात असे नाही. बोलताना, हसताना, घोषणा देताना आणि गाणे म्हणताना तोंडातून जे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात, त्यांतूनही ते हवेत मिसळतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका गायकवृंदाचा सराव झाला. सुमारे अडीच तास चाललेल्या त्या सरावास ६१ जण उपस्थित होते आणि त्यांतील एकास आदल्या दोन-तीन दिवसांपासून सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे त्या ६१ जणांपैकी ३३ जणांस कोविड झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले, आणखी २० जणांस तो झाला असावा असे मानण्यात आले आणि दोघे दगावले. तो एक जण काही वाईट हेतूने आलेला नव्हता. ठरलेल्या कार्यक्रमास किरकोळ सर्दीमुळे दांडी मारू नये, एवढ्याच प्रामाणिक भावनेने तो आला असेल. आपल्याकडील स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात उभी राहणारी मुलेही याच भावनेने उभी असतात.

बाटलीतील औषधाची कथा निराळी, आणि अधिक गंभीर आहे. घरगुती काढ्याने फार तर उपयोग होणार नाही. बाटलीतील द्रव मात्र कधीकधी प्राण घेतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषधाचे एक गोड द्रावण विक्रीस आले. ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या विषारी द्रवात विरघळविलेले होते. त्याने शंभरांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि पुढील वर्षी तेथे औषधांविषयीचा कडक कायदा झाला. तो धडा जगाने एकदाच शिकून संपविला असता तर बरे झाले असते. १९८६ च्या आरंभी खुद्द मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीतील आणि औषध नियंत्रणातील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. तरीही २०२२ मध्ये गांबियात आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने मुले मृत्युमुखी पडली. छिंदवाड्यातील मुलांना पाजलेल्या औषधातही तेच डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने स्पष्ट सूचना दिली, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत.

ही सूचना काढणाऱ्यांच्या मनात केवळ भेसळीचीच भीती होती असे नाही. लहान मुलांचा साधा खोकला आपोआप बरा होतो आणि ही औषधे तो बरा करीत नाहीत, हे वैद्यकशास्त्रास बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. तरीही मुलाचे गॅदरिंग उद्यावर आले आहे, ते नाचात आहे, त्याचा पोशाख शिवून झाला आहे, म्हणून त्यास बाटलीतील चमचाभर औषध पाजणारे पालक आपल्या ओळखीतच सापडतील. औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना बाटली मागणारे आणि ती देणारे दोघेही या व्यवहारास मदत समजतात. त्यातच कोणी जिवाणूंवरील प्रतिजैविकाच्या चार गोळ्या जोडून देतो. विषाणूंच्या सर्दीवर त्या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा त्या गोळ्यांची धार बोथट झालेली असते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. सर्दीनंतरचा खोकला रेंगाळतो. पुष्कळदा तो दोन-तीन आठवडेही टिकतो. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपल्याकडे म्हणतातच. परंतु हीच म्हण डहाणू-तलासरीसारख्या भागात घातक ठरू शकते, कारण येथे रेंगाळणारा प्रत्येक खोकला सर्दीचाच असतो असे गृहीत धरता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, बेडक्यातून पडणारे रक्त, ही क्षयरोगाची लक्षणे आहेत. रॉबर्ट कॉख याने या रोगाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्यावरील औषधेही पाऊणशे वर्षांपासून उपलब्ध आहेत. असे असूनही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, आणि २०२५ अखेर देशातून क्षयरोगाचे उच्चाटन करण्याची घोषणा प्रत्यक्षात उतरली नाही.

ती का उतरली नाही, याचे एक उत्तर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मिळते. क्षयरोगाची लक्षणे असलेल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी त्यासाठी कोठेही उपचार घेतलेले नव्हते. आणि विचारल्यावर त्यांतील बहुतेकांनी सांगितलेले कारण हे, की लक्षणांकडे आम्ही लक्ष दिले नाही. दवाखाना दूर होता किंवा पैसे नव्हते, असे म्हणणाऱ्यांहून ही संख्या मोठी होती. दुखणे अंगावर काढण्याच्या सवयीचे याहून स्पष्ट मोजमाप दुसरे कोणते असू शकेल? ज्या सवयीला आपण सहनशीलता म्हणून गौरवितो, तीच रोगाची सर्वांत मोठी आश्रयदाती आहे.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. दिवाळी सरली की येथील वारली, कोकणा, काटकरी कुटुंबांपैकी अनेक वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि रेतीच्या कामांवर निघून जातात. कोणी भिवंडी-वसईकडे जातो, तर कोणी सीमेपलीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोजंदारीवर. अपुरे अन्न, एकाच झोपडीत दाटीने निजणारी माणसे, भट्टीचा आणि चुलीचा धूर ही क्षयाच्या जंतूस अत्यंत सोयीची परिस्थिती होय. धुरामुळे खोकला येतो हेही खरे आणि त्यामुळेच खरा धोका लपतो हेही खरे. कारण भट्टीवरचा माणूस आपल्या खोकल्याचे कारण धूर हेच समजतो आणि त्याचा मुकादमही तसेच सांगतो. त्यातच क्षयाच्या नावाभोवती अजूनही लाज चिकटलेली आहे. मुलीचे लग्न मोडेल, भट्टीवरचा मालक उचल परत मागेल, लोक पाणी द्यावयास कचरतील, या भीतीने माणूस खोकला दाबतो. चार लोकांत जाण्याआधी चघळलेली गोळी अशा वेळी नुसती घशासाठी नसते. ती संशयापासून लपण्यासाठी असते. बैठकीत खोकला आला नाही की प्रश्नही येत नाहीत.

आणि तरीही उपाय इतका साधा आहे! दोन आठवड्यांच्या खोकल्यानंतर बेडका तपासून घेणे, एवढेच करावयाचे असते. कासा, डहाणू, तलासरी येथील शासकीय रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मार्फत ही तपासणी विनामूल्य होते, औषधेही विनामूल्य मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा रक्कम खात्यात जमा होते. २०१८ मध्ये सुरू झालेली ५०० रुपयांची ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली आहे. साध्या क्षयरोगावरील उपचार बहुधा सहा महिने चालतो. आणि योग्य औषधे नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग बहुतांशी थांबतो. याचा अर्थ असा, की ज्याचे निदान झाले आणि जो औषध घेत आहे तो रुग्ण समाजाला धोकादायक नसतो. धोका असतो तो निदान न झालेल्या खोकल्याचा. आपण मात्र वागतो ते नेमके उलटे! औषध घेणाऱ्यास दूर बसवितो आणि गोळी चघळणाऱ्यास शेजारी जागा करून देतो.

येथे कोणी म्हणेल, की माणसाने आजारी असताना घरी बसावे एवढे सोपे हे प्रकरण असेल तर त्यावर लेख कशास हवा? परंतु घरी बसणे सोपे नाही, हाच तर खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या कचेरीत परिपत्रक येते, अमुक दिवशी अमुक मान्यवरांचा दौरा आहे, सर्वांची उपस्थिती अनिवार्य आहे. शाळेत शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस ठेवलेले असते आणि ते खोकणाऱ्या मुलालाच मिळण्याचा संभव अधिक असतो. महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीची अट असते. कंत्राटी शिक्षकाचा किंवा रोजंदारीवरील शिपायाचा दिवस भरला नाही तर त्या दिवसाचा पगारच कापला जातो. अशा व्यवस्थेत आजारी माणसास घरी राहण्याचा उपदेश करणे हे उपाशी माणसास पथ्य सांगण्यासारखे आहे. दुखणे अंगावर काढणे ही केवळ वैयक्तिक खोड नव्हे. आपण तिला हजेरीपत्रकात, बक्षिसात आणि पगारपत्रकात पद्धतशीर खतपाणी घातले आहे. म्हणून ही खोड मोडावयाची तर आरंभ हजेरीपत्रकापासून करावा लागेल.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. या भागातील माणसास सभेला येऊ नको असे सांगणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली, तेव्हा वेठ आणि लग्नगडी यांच्या जोखडाखाली पिचलेली हजारो माणसे जमीनदारांची दहशत झुगारून तेथे आली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या जागृतीचा इतिहास लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण बळी पडले. ज्यांच्या पूर्वजांनी एकत्र जमण्याच्या हक्काची एवढी किंमत मोजली, त्यांना प्रकृतीचे कारण सांगून घरी बसविण्याचा अधिकार कोणास आहे? आज पेसा कायद्यान्वये ग्रामसभेस जमिनीविषयी, पाण्याविषयी, गौण वनोपजाविषयी निर्णयाचे अधिकार आहेत. आणि सभेस माणसे कमी आली तर गणसंख्येअभावी ती तहकूब होते. हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. खोकणाऱ्यांस सभेबाहेर काढावे असे येथे सुचवावयाचे नाही. उलट, सभा इतकी मोलाची आहे म्हणूनच ती निर्धोक असली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

हवा ही सामायिक मालमत्ता आहे, हे डहाणूकरांस तरी समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. १९९१ मध्ये केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराविरुद्ध येथील नागरिक वर्षानुवर्षे न्यायालयात झगडले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने पाठपुरावा केला, तेव्हा कोठे २००७ मध्ये त्या केंद्राच्या धुरातील गंधकयुक्त वायू शोषून घेणारी यंत्रणा बसली. चिमणीतून निघणाऱ्या धुराविषयी एवढे जागरूक असणारे आपण, पत्र्याच्या बंद सभागृहात पाचशे माणसे कोंबून खिडक्या लावून घेतो तेव्हा त्या हवेविषयी मात्र बेफिकीर कसे राहतो? गारठा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी हीच हिवाळ्यातील संसर्गाची सर्वांत मोठी सोय असते.

मग करावयाचे काय? संयोजकांनी हिवाळ्यातील कार्यक्रम शक्यतो उघड्या मैदानावर आणि उन्हे वर आल्यावर घ्यावेत. सभागृहातच घ्यावयाचे असतील तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाहुण्यांची वाट पाहत मुलांस दोन-दोन तास बसवून ठेवू नये, आणि भाषणे आटोपशीर ठेवल्यास श्रोत्यांच्या कानांप्रमाणे फुप्फुसांचेही भले होईल. ज्यास सर्दी-खोकला आहे परंतु येणे अगत्याचे आहे, त्याने मुखपट्टी लावून, कडेला, मोकळ्या हवेच्या बाजूस बसावे. आणि तसे बसण्यात कमीपणा वाटू नये म्हणून प्रतिष्ठितांनी, मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी ते आधी स्वतः करून दाखवावे. कोविडच्या काळात दोन वर्षे आपण मुखपट्टी लावली आणि संकट ओसरताच ती जणू एखाद्या कैदेची खूण असावी तशी भिरकावून दिली. वस्तुतः शेजाऱ्याची कदर करण्याचे ते अत्यंत स्वस्त साधन होते. ज्यास ताप आहे, धाप लागते, त्याने मात्र घरीच राहिले पाहिजे. आणि त्याची गैरहजेरी त्याच्या विरुद्ध मोजली जाणार नाही असे कचेरीने व शाळेने लेखी सांगितले पाहिजे. पूर्ण उपस्थितीची बक्षिसे बंद केली तर शिक्षणाचे काहीएक नुकसान होणार नाही.

राहिला तो दोन आठवड्यांच्या खोकल्याचा प्रश्न. त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबादच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसून आल्यावर त्यांनी मुलांस दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या नावामागे ही कल्पना आहे. जी मुले गुरे राखावयास कुरणावर जात, त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरविली. हेच सूत्र खोकल्यास लावता येईल. जो माणूस बेडका तपासावयास दवाखान्यात येत नाही, तो सभेस, बाजारास आणि झेंडावंदनास येतो. मग आशा कार्यकर्ती आणि आरोग्य सेवक यांनी नमुन्याच्या डब्या घेऊन तेथेच एका बाजूस का बसू नये? ग्रामसभेच्या सूचनांत एक वाक्य वाढविता येणार नाही काय, की दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यांनी जाताना आपले नाव द्यावे? वीटभट्टीवर निघणाऱ्या कुटुंबांची तपासणी दिवाळीपूर्वी आणि होळीस ती परतल्यावर, अशी दोनदा करता येणार नाही काय? शिक्षकांस यात विशेष काम आहे. वर्गातील कोणते मूल पंधरा दिवस खोकते आहे, हे वैद्यापेक्षा शिक्षकास आधी कळते. आणि त्या मुलाच्या घरात कोण खोकत असते, हे विचारण्याचा अधिकार पाड्यावर अजूनही गुरुजींना आणि बाईंनाच आहे.

तारपा वाजविणारा माणूस मध्यभागी उभा राहतो आणि त्याच्या फुंकीवर सारा पाडा हातात हात गुंफून फेर धरतो. सामूहिक जीवनास निरोगी श्वासाची किती गरज असते, हे वारल्यांस पुस्तकातून शिकावयास नको. म्हणून यंदा सभेस निघताना आपण मिठाच्या गुळण्या अवश्य कराव्यात, गवती चहाही घ्यावा. परंतु खोकला किती दिवसांचा आहे, तो कोणास लागण्याजोगा आहे काय, आणि तपासणी केली आहे काय, हे तीन प्रश्नही स्वतःस विचारावेत. पहिल्याचे उत्तर दोन आठवड्यांहून अधिक असे असेल, तर त्या दिवशीची आपली पहिली सभा प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे असे समजावे. कारण जे दुखणे आपण आपल्याच अंगावर काढतो असे समजतो, ते पुष्कळदा शेजारी बसलेल्या पोराच्या अंगावर निघत असते.